हॉटेलातला टेलिफोन आणि चर्चची यादी



मिस्सा संपून लोक पांगले की चर्चच्या दाराशी कुणीतरी रेंगाळते. बहुधा कुणाची बायको, नाहीतर आई. गेल्या उपवासकाळात अशाच एका भगिनीने विचारले, “दारू सोडणाऱ्यांची ती मीटिंग कुठे भरते हो?” आम्ही तिला रोज रोझरी म्हणायला सांगितले. नवऱ्याने क्रुसावर हात ठेवून शपथ घ्यावी असेही सुचवले. मीटिंगचा पत्ता मात्र सांगू शकलो नाही, कारण तो आम्हालाच ठाऊक नव्हता. ती “बरं” म्हणाली आणि गेली.

ते “बरं” आमच्या मनाला लागून राहिले. म्हणून या मीटिंगांचा इतिहास वाचायला घेतला, तर सुरुवातीलाच असाच पत्ता शोधणारा एक माणूस भेटला.

११ मे १९३५, शनिवार. अमेरिकेच्या ओहायो राज्यातले अ‍ॅक्रन शहर. न्यूयॉर्कहून धंद्याच्या कामासाठी आलेले बिल विल्सन मेफ्लॉवर हॉटेलच्या दिवाणखान्यात येरझाऱ्या घालत होते. काम फसले होते, खिशात जेमतेम दहा डॉलर उरले होते. एका बाजूला बार होता आणि तिथून हसण्याबोलण्याचे आवाज येत होते. दारू सोडून त्यांना पाच महिने झाले होते. या पाच महिन्यांत त्यांनी न्यूयॉर्कमध्ये कितीतरी दारुड्यांना समजावले, त्यातला एकही सुधारला नाही. पण समजावणारा स्वतः शुद्धीवर राहिला, हे त्यांच्या पत्नीने, लोईस यांनी, नेमके हेरले होते. आता त्यांना हवा होता तो उपदेशक नव्हे, आपल्यासारखाच एखादा पिणारा.

दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकाला टेलिफोन होता आणि तिथेच शहरातल्या चर्चची यादी लावलेली होती. बिल यांनी त्यातले एक नाव निवडले आणि फोन लावला. ते निघाले एपिस्कोपल पंथाचे धर्मगुरू वॉल्टर टंक्स. अनोळखी माणूस ‘मला एक दारुडा भेटवून द्या’ म्हणतो, तेव्हा आपल्यापैकी कितीजणांनी फोन खाली ठेवला असता? टंक्स यांनी काही नावे आणि नंबर दिले. एकामागून एक फोन करत बिल पोहोचले हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत. बाई बरेच दिवस एका सर्जनसाठी प्रार्थना करत होत्या. त्यांचे नाव डॉ. बॉब स्मिथ. पण डॉक्टर त्या दिवशी येण्याच्या अवस्थेत नव्हते. मातृदिनासाठी फुलझाडाची कुंडी घरी आणून ते स्वतःच पिऊन आडवे झाले होते.

दुसऱ्या दिवशी, रविवारी संध्याकाळी पाच वाजता, पंधरा मिनिटांच्या वर थांबणार नाही या अटीवर डॉक्टर पत्नीसह आले. ते उठले रात्री अकरानंतर. बिल यांनी त्यांना तू असा वागू नकोस असे सांगितले नाही. स्वतःचे काय झाले तेवढेच सांगितले. पुढे डॉक्टर एकदा घसरले, पण १० जून १९३५ नंतर त्यांनी घोटही घेतला नाही. त्याच तारखेपासून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे ए.ए., आपला जन्म मोजते.

ए.ए. कुठल्याच चर्चची नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण दार उघडणाऱ्यांत आपली माणसे होती. अ‍ॅक्रनच्याच सेंट थॉमस रुग्णालयात १९३९ साली सिस्टर इग्नेशिया यांनी डॉ. बॉब यांच्या दारुड्या रुग्णाला पोटाच्या सुजेचा रुग्ण म्हणून दाखल केले आणि फुले ठेवायच्या खोलीत त्याची सोय केली. त्या काळी दारुड्याला खाट द्यायला रुग्णालये तयार नसत. आमच्या मते हे खोटे नव्हे, चार मित्रांनी छप्पर उकलून पक्षाघाती माणसाला येशूपुढे सोडले, त्याच जातीचे हे काम.

भारतात ए.ए. १९५७ साली आली. १९८१ मध्ये वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात फादर ज्यो परेरा यांनी कृपा फाउंडेशन सुरू केले. त्याची केंद्रे आज गोव्यातही आहेत.

मग त्या भगिनीच्या प्रश्नाचे काय? आता आम्हाला कळले ते असे. फी नाही, नाव नोंदवावे लागत नाही, दारू सोडायची इच्छा पुरते. ‘खुली’ मीटिंग असेल तर घरच्यांनाही बसता येते. ‘बंद’ मीटिंग फक्त दारूचा त्रास असलेल्यांची. घरच्यांसाठी अल्‌-अनॉन नावाचे वेगळे गट असतात, नवरा यायला तयार नसला तरी बायकोने जावे. गटाची जागा आणि वेळ बदलते, म्हणून ए.ए.च्या हेल्पलाइनवर आधी विचारून घ्यावे. आणि रोज भरपूर पिणाऱ्याने शपथ घेऊन एका रात्रीत दारू तोडू नये, आधी डॉक्टरांना भेटावे, कारण झटके येऊन जीवावर बेतू शकते. क्रुसावरच्या शपथेचा सल्ला देताना हे आम्हाला माहीत नव्हते, याची आज भीती वाटते.

फादरांची परवानगी घेऊन हेल्पलाइनचा नंबर आम्ही चर्चच्या फलकावर लावला आहे, विवाहाच्या जाहिरातींच्या शेजारी, म्हणजे वाचताना कुणाला संकोच वाटायला नको. ती भगिनी पुन्हा दिसलेली नाही. कुणाच्या शेजारी राहत असेल तर एवढा निरोप द्या की पत्ता मिळाला आहे, आणि पहिल्या दिवशी फाटकापर्यंत सोबत हवी असेल तर आमच्यातले दोघे येतील.