लॉर्डसाहेबांचा 'काळा माणूस'

निवडणुकांच्या धामधुमीत 'तुम्ही वर्णद्वेष्टे आहात' हा आरोप हल्ली जगभर इतक्या वेळा कानावर येतो, की त्या शब्दाची धारच बोथट झाली आहे. एक पक्ष म्हणतो, आमच्या माणसाच्या कातडीचा अपमान झाला. दुसरा म्हणतो, छे हो, हा नुसता कांगावा, मते मिळवण्याची युक्ती. आपण वाचणारे मात्र आपापल्या आवडत्या पक्षाप्रमाणे एक बाजू धरून मोकळे होतो.

हे भांडण आजचे नाही. त्याचा एक फार जुना आणि बोलका नमुना आपल्या मुंबईच्या दादाभाई नौरोजींच्या चरित्रात सापडतो. शाळेत आपण दादाभाई म्हणजे 'भारताचे पितामह', 'संपत्तीच्या निःसारणाचा सिद्धान्त' एवढे पाठ करून मार्क मिळवले. पण १८८८ साली इंग्लंडच्या पंतप्रधानाने त्यांना भर सभेत 'काळा माणूस' म्हटले आणि त्यावरून तिथल्या दोन पक्षांत कशी जुंपली, हे पुस्तकात एका ओळीत उरकलेले असते. ती ओळ थोडी उलगडून पाहू या.

दादाभाई हे नवखे गृहस्थ नव्हते. एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवणारे पहिले हिंदी प्राध्यापक, १८५५ पासून लंडनमध्ये व्यापारानिमित्त ये-जा, १८७४ मध्ये मल्हारराव गायकवाडांच्या बडोद्याचे दिवाण. हिंदुस्थानचा कारभार लंडनमध्ये ठरतो, तर आपली बाजूही लंडनच्या पार्लमेंटातच मांडली पाहिजे, असे त्यांच्या मनाने घेतले. १८८६ च्या निवडणुकीत उदारमतवादी म्हणजे लिबरल पक्षातर्फे ते लंडनच्या होबर्न मतदारसंघातून उभे राहिले. समोर हुजूर पक्षाचे कर्नल डंकन. होबर्न हा हुजूर पक्षाचा गड, त्यात आयर्लंडच्या स्वराज्याच्या प्रश्नावर लिबरल पक्ष उभा फुटलेला. दादाभाईंना १९५० मते पडली, डंकन यांना ३६५१. पराभव सपशेल होता, पण त्या वर्षी लिबरल उमेदवार ठिकठिकाणी आपटले होते, हेही लक्षात ठेवायला हवे.

दोन वर्षांनी डंकन वारले आणि होबर्नला पोटनिवडणूक लागली. या वेळी दादाभाई रिंगणात नव्हतेच. जागा हुजूर पक्षानेच राखली, पण मताधिक्य बरेच घटले. लोकमत फिरले काय, अशी कुजबुज सुरू झाली. तिला उत्तर देताना ३० नोव्हेंबर १८८८ रोजी एडिंबरोच्या सभेत पंतप्रधान लॉर्ड सॅलिसबरी बोलून गेले. त्यांच्या बोलण्याचा भावार्थ असा, की मागच्या खेपेला डंकन यांच्यासमोर एक काळा माणूस उभा होता. मानवजातीने कितीही प्रगती केली असली, तरी इंग्लंडमधला मतदारसंघ काळ्या माणसाला निवडून देईल इतक्या टप्प्याला आपण पोचलो आहोत असे मला वाटत नाही.

म्हणजे बघा, लॉर्डसाहेबांना दादाभाईंशी काही देणेघेणे नव्हते. त्यांना घटलेल्या मतांचा हिशेब जुळवायचा होता. मागची बेरीज मोठी का, तर समोर काळा माणूस होता म्हणून. पक्षाच्या वहीतला तोटा झाकण्यासाठी त्यांनी एका माणसाच्या कातडीचा आकडा मांडला. आणि हे गृहस्थ पूर्वी दोनदा हिंदुस्थानचे मंत्री राहिलेले! म्हणजे ज्या देशाच्या कारभाराचे ते मुखत्यार होते, त्या देशाची माणसे त्यांना ठाऊक नव्हती असे म्हणायची सोय नाही.

मग जे व्हायचे तेच झाले. लिबरल पक्षाला आयते कोलीत मिळाले. वर्तमानपत्रांतून, सभांतून, व्यंगचित्रांतून सॅलिसबरींवर झोड उठली. राणीच्या कोट्यवधी प्रजाजनांचा अपमान झाला, साम्राज्याचा पाया डळमळीत होईल, असे लेख आले. हिंदुस्थानातली वर्तमानपत्रे तर खवळलीच. १८८९ च्या जानेवारीत लंडनच्या नॅशनल लिबरल क्लबात दादाभाईंच्या सन्मानार्थ मेजवानी झाली. कालपर्यंत लंडनबाहेर ज्यांचे नाव धड कुणाला उच्चारता येत नव्हते, ते दादाभाई एका शब्दाने घरोघरी पोचले. सॅलिसबरींनी नंतर सारवासारव केली. काळे म्हणण्यात तुच्छता कुठे आहे, असा त्यांचा सवाल होता. मात्र असा उमेदवार उभा करणेच विसंगत आहे, हे म्हणणे त्यांनी सोडले नाही. आजच्या पुढाऱ्यांचे 'माझ्या बोलण्याचा विपर्यास केला' हे पालुपद किती जुने आहे पाहा.

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. एक खलनायक, एक सज्जन आणि त्याच्या बाजूने धावून आलेला एक पक्ष. पण लिबरल मंडळींनी दादाभाईंचा बचाव कसा केला हे पाहिले, की घास अडकतो. त्यांचा सगळ्यांत लाडका विनोद असा होता, की दादाभाई काळे कसले, ते तर सॅलिसबरींपेक्षाही गोरे आहेत! पारशी गृहस्थ, वर्ण उजळ. सॅलिसबरी सावळ्याकडे झुकणारे. सभेत हशा आणि टाळ्या. पण या विनोदाचा अर्थ काय होतो? 'काळा' ही शिवीच आहे, फक्त ती चुकीच्या माणसाला दिली गेली. दादाभाई खरोखर काळेसावळे असते, मद्रासकडचे किंवा आपल्या कोकणातले असते, तर लॉर्डसाहेब बरोबर ठरले असते काय? हा प्रश्न त्या टाळ्यांत कुणी विचारला नाही. आरोप करणाऱ्याने आरोपीचेच माप हातात घेऊन मोजणी केली.

दुसरी गोष्ट त्याहून घरातली. त्याच १८८८ सालात, सॅलिसबरींच्या भाषणाच्या काही महिने आधी, सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघात लिबरल उमेदवार म्हणून दादाभाईंचे नाव पुढे आले होते. त्यावरून पक्षाच्या स्थानिक शाखेतच दोन तट पडले. एका तटाने निवड मान्य केली नाही, आपला दुसरा माणूस पुढे केला. तो मागे सरला तेव्हा आणखी एक आणला. हा घोळ जवळजवळ १८९२ ची निवडणूक येईपर्यंत चालला आणि पक्षाचे वरिष्ठ दादाभाईंच्या पाठीशी ठामपणे उभे राहायला कचरत होते. व्यासपीठावर दादाभाईंच्या अपमानाने ज्यांचे रक्त उसळत होते, त्यांच्याच पक्षाला बंद खोलीत त्यांना तिकीट देताना घाम फुटत होता. कारण उघड होते. 'इंग्लिश मतदार हिंदी माणसाला मत देणार नाही' हे सॅलिसबरी मोठ्याने म्हणाले, आणि लिबरल चालक मनात म्हणत होते.

तरी दादाभाई हटले नाहीत. वय सदुसष्टीकडे झुकलेले. कामगार संघटना, आयर्लंडवाले, मद्यपानबंदीवाले, स्त्रियांच्या मताधिकारवाल्या, सगळ्यांची दारे त्यांनी झिजवली. जुलै १८९२ मध्ये निकाल लागला तेव्हा त्यांना २९६१ मते होती आणि हुजूर पक्षाच्या पेंटन यांना २९५६. फरक पाच मतांचा, आणि फेरमोजणीत तोही तीनवर आला. 'नौरोजी' उच्चारता येत नाही म्हणून 'नॅरो मेजॉरिटी' असे टोपणनाव पडले. फिन्सबरीत एकही लायक गोरा माणूस मिळाला नाही म्हणून मुंबईच्या अग्निपूजकाला निवडले काय, असे हुजूर पक्षाच्या एका पत्राने लिहिले. तरी दादाभाईंनी अवेस्तावर हात ठेवून शपथ घेतली आणि बाकावर जाऊन बसले. लॉर्डसाहेबांचे भाकीत चार वर्षांत खोटे ठरले.

आता परीक्षेची वेळ लिबरल पक्षाची होती. सरकार ग्लॅडस्टन यांचे, म्हणजे त्यांचेच. दादाभाईंची जुनी मागणी अशी, की आय.सी.एस.ची परीक्षा लंडनबरोबर हिंदुस्थानातही एकाच वेळी घ्यावी. आमच्यासारख्या कारकुनी पेशाच्या माणसाला या मागणीचे मोल चटकन कळते. लंडनला जाण्यायेण्याचा खर्च, समुद्र ओलांडल्याचे प्रायश्चित्त, शिवाय वयाची अट. परीक्षेचे दार सर्वांना उघडे, पण ते दार सहा हजार मैलांवर! नियमात कुठेही 'काळ्यांना मज्जाव' असे लिहिलेले नाही आणि मज्जाव मात्र पुरता आहे. २ जून १८९३ रोजी हाउस ऑफ कॉमन्सने हा ठराव ८४ विरुद्ध ७६ मतांनी मंजूर केला. हिंदुस्थानात आनंदीआनंद झाला. पण सरकारने तो अभिप्रायासाठी हिंदुस्थानातल्या प्रांतिक सरकारांकडे पाठवला, बहुतेकांनी नाके मुरडली आणि ठराव बासनात गेला. फायलीला 'अभिप्रायार्थ' शेरा मारून तिचा जीव कसा घेतात, हे सरकारी कचेरीत काम केलेल्याला वेगळे सांगायला नको. हिंदुस्थानात ती परीक्षा सुरू व्हायला १९२२ साल उजाडले. तोपर्यंत दादाभाई जाऊन पाच वर्षे झाली होती.

सॅलिसबरींच्या एका शब्दावर रान उठवणे लिबरलांना जमले. त्याच भेदाची भिंत कायद्यातून काढून टाकणे हाती असूनही जमले नाही. शब्दावर भांडायला पैसे पडत नाहीत. नोकऱ्यांत वाटा द्यायचा तर आपल्या पोरांच्या ताटातला घास जातो.

गंमत इथेच संपत नाही. १८९५ च्या निवडणुकीत दादाभाई पडले आणि त्याच निवडणुकीत लंडनच्या बेथनल ग्रीन भागातून दुसरे पारशी गृहस्थ, मुंबईचेच मंचेरजी भावनगरी निवडून आले. कोणत्या पक्षातर्फे? हुजूर पक्षातर्फे! पंतप्रधान कोण? तेच लॉर्ड सॅलिसबरी. भावनगरींनी १६० मतांनी पाडले ते जॉर्ज हॉवेल यांना. हे हॉवेल म्हणजे गवंडीकाम करून वर आलेले कामगार चळवळीतले मोठे नाव, लिबरलांच्या बाजूचे, गरिबांचे कैवारी. हरल्यावर त्यांनी काय म्हणावे? दहा वर्षे पार्लमेंटात राबलो आणि एका काळ्या माणसाने, हिंदुस्थानातून आलेल्या परक्याने मला लाथ मारून बाहेर काढले. सात वर्षांपूर्वी ज्या शब्दावरून त्यांच्या पक्षाने आकाशपाताळ एक केले, नेमका तोच शब्द! या खेपेला मेजवानी झाली नाही, कारण समोरचा काळा माणूस दुसऱ्यांचा होता.

भावनगरी साम्राज्यनिष्ठ होते, राष्ट्रसभेचे विरोधक. इकडच्या पुढाऱ्यांनी त्यांच्या नावाची मोडतोड करून 'बो अँड अ‍ॅग्री', म्हणजे 'वाका आणि होकार द्या', असे केले होते. त्या टीकेत तथ्य होतेच. पण दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांच्या हालअपेष्टांवर याच भावनगरींनी पार्लमेंटात पुन्हा पुन्हा आवाज उठवला, गांधींशी पत्रव्यवहार ठेवला. मते पटत नाहीत म्हणून त्यांना काळे म्हणण्याचा परवाना हॉवेलना मिळत नव्हता.

आपल्या गोव्याचाही या विषयाशी जुना संबंध आहे. दादाभाईंच्या सत्तर वर्षे आधी, १८२२ मध्ये, गोव्याने लिस्बनच्या संसदेसाठी प्रतिनिधी निवडले होते आणि त्यांत नेवऱ्याचे बेर्नार्द पेरिश द सिल्व्ह होते. याच पेरिश द सिल्व्ह यांना पुढे गोव्याच्या कारभाराचे प्रमुख नेमले, तेव्हा १८३५ च्या आरंभी इथल्या लष्करातल्या गोऱ्या आणि मिश्र रक्ताच्या गटाने अवघ्या काही दिवसांत त्यांना हुसकावून लावले. नेमणूक लिस्बनची, कायद्याने पक्की, पण नेटिवाच्या हाती कारभार ही कल्पनाच त्यांना सोसवली नाही. १८६१ मध्ये नावेलीचे फ्रान्सिश्कु लुईश गोमिश लिस्बनच्या संसदेत गेले आणि वसाहतींना प्रतिनिधित्व कशाला हवे, असे म्हणणाऱ्यांना त्यांनी पहिल्याच भाषणात उत्तर दिले. अर्थात ही दारे ख्रिस्ती उच्चवर्गाला किलकिली झाली होती. हिंदू समाजाला नागरिक म्हणून ताठ उभे राहायला १९१० चे प्रजासत्ताक यावे लागले.

आणि मग आपले मडगावचे 'बाबुश', अंतोनियु कॉश्त. वडील ओर्लांद द कॉश्त मडगावात वाढलेले लेखक. मुलगा २०१५ ते २०२४ पोर्तुगालचा पंतप्रधान, आणि डिसेंबर २०२४ पासून युरोपियन कौन्सिलचा अध्यक्ष. जानेवारी २०१९ मध्ये लिस्बनजवळच्या एका गरीब वस्तीत पोलिसांनी कृष्णवर्णीय कुटुंबाला मारहाण केल्यावरून निदर्शने पेटली. संसदेत विरोधी पक्षाच्या नेत्या आसुंसांव क्रिश्ताश यांनी विचारले, की पंतप्रधान तोडफोडीचा निषेध करतात की नाही. कॉश्त उसळून म्हणाले, माझ्या कातडीच्या रंगामुळेच तुम्ही मला हे विचारता ना! विरोधक म्हणाले, प्रश्न साधा होता, उत्तर टाळायला कातडी पुढे केली. जून २०२३ मध्ये शिक्षकांच्या निदर्शनात त्यांचे डुकराच्या नाकाचे, जाड ओठांचे चित्र झळकले. तेव्हा ते त्याला वर्णद्वेषी म्हणाले, चित्रवाले म्हणाले ही नुसती व्यंगचित्रकला.

दुसरा प्रसंग मला तरी स्पष्ट वाटतो. धोरणावर टीका करायला ओठ जाड काढावे लागत नाहीत. पहिल्याबद्दल मात्र माझे मन दोन्हीकडे झुकते. दंगलीचा निषेध करता का, हा प्रश्न कोणत्याही पंतप्रधानाला विचारता येतो. पण आयुष्यभर 'हा आपल्यातला की त्यांच्यातला' अशा नजरा झेललेल्या माणसाला साध्या प्रश्नातही ती नजर दिसली, तर त्याला कांगावखोर म्हणायला जीभ रेटत नाही. एवढेच की, पोलिसांनी मारलेल्या त्या कुटुंबाचे पुढे काय झाले, हा खरा प्रश्न कातडीच्या या वादात मागे पडला.

दादाभाईंच्या गोष्टीतून मी तीन कसोट्या घेतो. आरोप करणारा त्याच अपमानाला आपल्या पक्षातून आला तरी अपमान म्हणतो का? बचाव करताना तो 'आमचा माणूस तसा नाही' म्हणतो, की 'तसा असता तरी काय बिघडले' म्हणतो? आणि सत्ता हाती आल्यावर तो परीक्षेचे दार जवळ आणतो का? सॅलिसबरी दोषी होतेच. लिबरल या तिन्ही कसोट्यांत नापास झाले म्हणून सॅलिसबरींचा दोष धुतला जात नाही.

लंडन-लिस्बनच्या चुका काढताना आपल्या अंगणाकडेही पाहिले पाहिजे. चहाच्या टपरीवर, बाजारात, निवडणुकीच्या कोपरा सभांत 'घाटी', 'भायले' हे शब्द आपण किती सहज फेकतो. तोच शब्द आपल्या उमेदवाराने वापरला तर 'गोंयकारपण' आणि दुसऱ्याने आपल्याबद्दल वापरला तर द्वेष. रस्ता खणणारा, मासळीच्या टोपल्या उचलणारा माणूस हे सगळे ऐकत असतो. त्याच्यासाठी मेजवानी देणारा क्लब कुठेच नाही.