पट्टेरी मासा

१. पट्टेरी मासा : पंचगंगेकाठच्या या प्रसंगात लेखकाला मरळ अभिप्रेत आहे (शास्त्रीय नाव चन्ना स्ट्रायाटा, ब्लॉख, १७९३). पुढे उल्लेखलेला अमेरिकेतला पट्टेरी बास अगदी वेगळा. तो मूळचा समुद्रातला, अंडी घालायला नदीत चढणारा. धरणांच्या जलाशयांत तो पुढे रुळला. मरळ मात्र जन्मभर गोड्या पाण्यातली. कल्ल्यांखेरीज डोक्यातल्या खास कप्प्यांनी ती हवेतला श्वास घेते, म्हणून उन्हाळ्यात आटत चाललेल्या गढूळ डबक्यातही तग धरते आणि बाजारात जिवंत विकता येते.

गळाची रीत दोन्हीकडे जवळपास सारखीच, कारण दोन्ही मासे शिकारी. जिवंत चिंगळी पाठीच्या कातडीत अलगद अडकवतात, म्हणजे ती पोहत राहते आणि तिची तडफड मरळीला ओढून आणते. नकली आमिषात रबरी बेडूक सर्वांत कामाचा. त्याचे आकडे अंगालगत दबलेले असल्याने तो शेवाळावरून न अडकता सरकतो. झडप पडली की लगेच हिसका देऊ नये, आमिष नीट तोंडात जाऊ द्यावे.

लेखकाने वर्णिलेला पाण्यावरचा ‘लालसर घोळका’ म्हणजे मरळीची पिल्ले. खाली पालक मासा पहाऱ्याला असतो आणि जवळ आलेल्या कशावरही तुटून पडतो. त्यामुळे तो सहज गळाला लागतो आणि पिल्ले उघडी पडतात. पावसाळ्यात असा घोळका दिसला, तर वाचकांनी तिथे गळ टाकू नये, ही विनंती. – संपादक