तीन बंदरांचं बेट

फोनवर 'एलिफंटा' असं टाइप करून बघा. पहिल्या फोटोंमध्ये तीन चेहऱ्यांचा शिव असेल. मग खांब, मग माकडं, मग गेटवेची लाँच. या बेटावर माणसं राहतात, हे त्या फोटोंवरून कळत नाही.

मीही बरीच वर्षं तेवढंच बेट पाहत होतो. शाळेच्या सहलीत पहिल्यांदा, नंतर पाहुण्यांना घेऊन. तासभर लाँच, धक्क्यावरची छोटी आगगाडी, दुतर्फा दुकानांमधून वर जाणाऱ्या शंभरावर पायऱ्या, लेणी, तिखट-मीठ लावलेली कैरी आणि परत. एका रविवारी लेण्यात उभं राहायला जागा नव्हती, म्हणून गर्दीला पाठ फिरवून मी पूर्वेकडच्या पायवाटेला लागलो. समोरून डोक्यावर मोळी घेतलेली एक बाई आली.

"लेणी तिकडं राहिली, दादा."

"मोराबंदरला चाललोय, मावशी. गाव बघायला."

ती हसली. "गाव बघायला कोण येतं इथं?"

प्रश्न साधाच होता, पण तो डोक्यातून गेला नाही. घरी येऊन वाचायला लागलो, तेव्हा लक्षात आलं की या बेटाचा इतिहास आपण उलट्या टोकाकडून वाचतो. आपण लेण्यापासून सुरुवात करतो. बेटाची सुरुवात मात्र बंदरापासून झालेली आहे.

आधी नकाशा बघू. घारापुरी (इथली माणसं बेटाला याच नावानं ओळखतात) रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात येतं. दोन टेकड्या आणि त्यांच्यामध्ये एक अरुंद दरी, एवढाच बेटाचा आकार. भरतीला क्षेत्रफळ सुमारे १० चौरस किलोमीटर, ओहोटीला चिखलाचे पट्टे उघडे पडले की सुमारे १६. म्हणजे हे बेट रोज वाढतं आणि रोज आटतं. सभोवती गाळ आणि तिवरांचं रान. नाव कुठेही लागत नाही. जिथे पाणी तिला आत येऊ देतं, तिथेच माणूस उतरतो आणि तिथेच वस्ती होते.

अशा तीन जागा, अशी तीन गावं: शेतबंदर, मोराबंदर, राजबंदर. तिन्हींच्या नावात 'बंदर' आहे. कोकणात गावांना झाडांची, देवांची, माणसांची नावं असतात. इथे प्रत्येक गाव आधी बोट लागायची जागा आहे, मग गाव. तिन्ही मिळून लोकसंख्या जेमतेम १२००च्या आसपास.

मी चाललो होतो त्या मोराबंदरच्या किनाऱ्यावर पुरातत्त्वज्ञांना अँफोरांचे तुकडे सापडले आहेत. अँफोरा म्हणजे दोन कानांचे उंच मातीचे रांजण. भूमध्य समुद्राकाठून वाइन आणि तेल अशा रांजणांतून निघायचं. पूर्वेकडच्या टेकडीवर विटांचा एक बौद्ध स्तूप आहे. रांजण आणि स्तूप, दोन्ही शिवाच्या त्या भव्य लेण्याच्या कितीतरी आधीचे. लेणं साधारण सहाव्या शतकाच्या मध्याचं मानतात. म्हणजे तोवर या किनाऱ्याला परदेशी माल लागून काही शतकं उलटली होती.

लेणं कोणी कोरवलं, हे सांगणारा शिलालेख आज बेटावर नाही. इथे कोरलेला एक दगड होता. पोर्तुगीज इतिहासकार दियोगो दो कोतो लिहितो की तो काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठवला, तिथे कोणालाच तो वाचता आला नाही आणि पुढे तो हरवला. राहिली ती नाणी. कलचुरी राजा कृष्णराजाची नाणी बेटावर सापडली आणि त्यांच्या आधारे अनेक अभ्यासक लेण्याचं श्रेय त्याच्या काळाला देतात. राजाची सही गेली, पण वापरातल्या चिल्लरीवरून त्याचा माग लागला.

इ.स. ६३४च्या ऐहोळे शिलालेखात चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीनं जहाजांचा ताफा घेऊन 'पुरी' नावाच्या नगरावर केलेल्या हल्ल्याचं वर्णन आहे. ही पुरी म्हणजे घारापुरी की जंजिऱ्याजवळची राजापुरी, यावर अभ्यासकांचे वाद आहेत. वाद होऊ शकतो, हेच पुरेसं बोलकं आहे. निव्वळ देवळाचं बेट असतं, तर त्यावर आरमार घेऊन कोणी येईल असं कोणाच्या मनातही आलं नसतं.

आता राजबंदर. १५३४ साली वसईच्या तहानं हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. राजबंदरच्या बाजूला उतरल्यावर दगडी हत्तीचं प्रचंड शिल्प दिसायचं, त्यावरून त्यांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ साली इंग्रजांनी तो हत्ती इंग्लंडला न्यायचं ठरवलं. उचलताना क्रेन मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत आले, १९१४ साली पुन्हा जोडले गेले. आज तो हत्ती भायखळ्याला, राणीच्या बागेतल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर उभा आहे. ज्याच्यावरून बेटाला जगभरचं नाव मिळालं, तो बेटावर नाही. बेटाचं स्वतःचं नाव मात्र गावांनी सांभाळून ठेवलंय.

१९८७ साली लेण्यांना युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली. तिन्ही गावांना समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून वीज मिळाली ती फेब्रुवारी २०१८मध्ये. मधली ३१ वर्षं जगाचा वारसा आणि अंधार एकाच बेटावर नांदत होते. तोवर संध्याकाळचे काही तास जनरेटर, मग कंदील. आणि समोर पाण्यापलीकडे रात्रभर लखलखणारी मुंबई. यात कोणी मुद्दाम वाईटपणा केला असं मी म्हणत नाही. पण ज्या बेटाच्या फोटोत माणसंच नसतात, तिथल्या माणसांच्या घरात दिवा आहे की नाही, हे विचारायचं कोणाला सुचणार?

त्या मावशीला तेव्हा मी काहीच उत्तर दिलं नव्हतं. आज सांगेन, की मावशी, तुमचं गाव लेण्याहून जुन्या गोष्टीची साक्ष देतं. माणसं आधी इथे उतरली, मालाची चढउतार झाली, आणि मग टेकडीच्या पोटात देव घडला.

त्या संध्याकाळी शेवटच्या लाँचनं परतलो. मागे वळून मोराबंदर शोधलं, दिसलं नाही. ते बेटाच्या पलीकडच्या अंगाला आहे. गेटवेहून येणाऱ्याला ते येताना दिसत नाही आणि जातानाही दिसत नाही. त्यासाठी लाँचमधून उतरून, लेण्याकडे न वळता, टेकडीला वळसा घालून चालत जावं लागतं.