सामूहिकता, भांडवलशाही आणि व्यक्तिस्वातंत्र्य

सामूहिकता, भांडवलशाही आणि व्यक्तिस्वातंत्र्य : उत्पादनाची साधने समाजाच्या मालकीची असावीत की खाजगी, या वादाची व्यक्तिस्वातंत्र्याशी निगडित बाजू. फ्रीड्रिख हायेक यांनी ‘द रोड टू सर्फडम’ (1944) या ग्रंथात असे प्रतिपादन केले, की मध्यवर्ती नियोजनामुळे माणसाचे एकेक निर्णय सरकारच्या हाती जातात. समाजवाद्यांचे म्हणणे असे, की ज्याच्यापाशी श्रमांखेरीज विकण्याजोगे काही नाही, त्याचे स्वातंत्र्य कागदावरच राहते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. मात्र विसाव्या शतकातील शेतीचा आणि गिरण्यांचा अनुभव पाहता, मालकी कोणाची यापेक्षा उपासमार न ओढवता माणसाला नकार देता येतो का, निघून जाता येते का, ही कसोटी अधिक खरी ठरते.

सोव्हिएत संघात 1929 च्या अखेरीस सामूहिक शेतीची सक्ती सुरू झाली. मार्च 1930 पर्यंत निम्म्याहून अधिक शेतकरी कुटुंबे सामूहिक शेतांत, म्हणजे कोलखोजांत, दाखल झाल्याची नोंद होती. त्याच महिन्यात स्टालिनने स्थानिक अधिकाऱ्यांवर अतिरेकाचा ठपका ठेवणारा लेख लिहिला, सक्ती सैलावली आणि काही महिन्यांतच हे प्रमाण पावाच्या आसपास घसरले. शेतकऱ्यांच्या मनात काय होते, ते एवढ्यावरून कळते. लवकरच फास पुन्हा आवळला गेला. ऑगस्ट 1932 च्या कायद्याने सामूहिक मालमत्तेच्या चोरीला देहदंडाची तरतूद केली, आणि कापणीनंतर शेतात सरवा वेचणारी भुकेली माणसेही तिच्या तडाख्यात सापडली. 1932–33 च्या दुष्काळात लाखो लोक मेले. याच सुमारास अंतर्गत पारपत्रे सुरू झाली. ती कोलखोजांतील बहुसंख्य शेतकऱ्यांना दिली गेली नाहीत, आणि सरसकट देण्याचा निर्णय व्हायला 1974 साल उजाडले. चीनमध्येही 1958 पासून कम्यून आणि रहिवासाची नोंदणी यांनी शेतकरी गावाशी जखडला गेला. 1978 साली आन्हुई प्रांतातील श्याओगांग गावच्या 18 कुटुंबांनी जमीन आपापसांत वाटून कसण्याच्या गुप्त करारावर अंगठे उठवले. गावचे पुढारी तुरुंगात गेले, तर त्यांची मुले 18 वर्षांची होईपर्यंत बाकीच्यांनी सांभाळायची, असे कलमही त्यात होते. आपल्याच गावातली जमीन कसायला निघालेल्यांना हे लिहून ठेवावे लागले, यापुढे स्वातंत्र्याच्या त्या अवस्थेवर निराळे भाष्य नको.

यावरून सामूहिक मालकी म्हणजेच गुलामी, असे अनुमान काढले जाते. ते घाईचे आहे. पॅलेस्टाइनमध्ये 1910 साली स्थापन झालेल्या देगानियापासून पुढच्या, किब्बुट्झ या ज्यूंच्या सामूहिक वसाहतींत कामापासून जेवणघरापर्यंत सारे सामाईक होते, पण येणे आणि जाणे सभासदाच्या इच्छेवर होते. निघताना हाती फारसे काही पडत नसे, ही त्यातली मोठी उणीव. तरीही पुष्कळ जण बाहेर पडू शकले, आणि पुढे अनेक किब्बुट्झांनी समान वेतनाची पद्धतही सोडली.

खाजगी मालकीत निघून जायला कायद्याची आडकाठी नसते. आडकाठी वेगळीकडून येते. मुंबईच्या कापडगिरण्यांत बदली कामगाराला काम मिळणे जॉबरच्या, म्हणजे कामगार भरती करणाऱ्या मुकादमाच्या, मर्जीवर असे. चांगल्या पगाराच्या साचेखात्यात, म्हणजे विणकाम विभागात, अस्पृश्यांना घेत नसत, कारण कांडी बदलताना धोट्यातून सूत तोंडाने ओढावे लागे आणि त्याचा इतर कामगारांना विटाळ वाटे. 1928 च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा अन्याय पुढे आणला. ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये (1947) त्यांनी शेतजमीन व मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे करून, जातिभेद न मानता गावकऱ्यांकडून सामूहिक शेती करवण्याची योजना मांडली. ही व्यवस्था संविधानातच घालावी, असा त्यांचा आग्रह होता. राज्याने हात काढून घेतला, की मोकळी झालेली सत्ता खाजगी मालकाकडे जाते आणि बेकार माणूस नोकरीसाठी आपले हक्क गहाण टाकतो, हा त्यांचा युक्तिवाद आजही कोणी खोडून काढलेला नाही. योजनेबाबत मात्र शंका राहते. जमीनमालक एकच उरला आणि तो सरकार असेल, तर त्याच्याशी न पटणाऱ्याने जायचे कुठे? काँग्रेसच्या 1959 च्या नागपूर अधिवेशनातील संयुक्त सहकारी शेतीच्या ठरावाला चरणसिंग यांनी विरोध केला आणि त्याच वर्षी राजाजींच्या पुढाकाराने स्वतंत्र पक्ष निघाला, त्यामागे हीच भीती होती. पण हा विरोध जमीन असलेल्यांच्या स्वातंत्र्याची काळजी वाहत होता. भूमिहीन मजुराला त्यातून काही मिळणार नव्हते.

त्या मजुराच्या प्रश्नाला महाराष्ट्राने दिलेले उत्तर या वादात क्वचितच मोजले जाते. 1972 च्या दुष्काळाच्या काळात वि. स. पागे यांच्या पुढाकाराने विस्तारलेल्या रोजगार हमी योजनेला 1977 च्या कायद्याने हक्काचे रूप दिले. मजुरी तुटपुंजी, कामे उशिरा निघत आणि हजेरीपटात गैरव्यवहार होत, हे आक्षेप खरे आहेत. तरी मागेल त्याला काम मिळणार असेल, तर शेतमालकाने पडेल भावाने देऊ केलेली मजुरी नाकारता येते, आणि त्यासाठी कोणाची जमीन काढून घ्यावी लागत नाही. योजनेचा पैसा शहरी नोकरदारांवरील व्यवसाय करासह इतर करांतून आणि राज्याच्या तिजोरीतून उभा राहिला. 2005 साली संसदेने ग्रामीण रोजगाराच्या हमीचा कायदा देशभरासाठी केला.