रहस्य, दिग्दर्शक आणि प्रेक्षकाचे ज्ञान : 'पाठलाग' ते 'सामना'

प्रास्ताविक

मराठी चित्रपटाच्या इतिहासलेखनात पौराणिक, संतपट, तमाशापट, सामाजिक चित्रपट अशी विषयवार विभागणी रूढ आहे. रहस्यपटाला या विभागणीत नेहमीच दुय्यम स्थान मिळाले. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाड यांच्या कथांवर काही पिढ्या पोसल्या गेल्या, परंतु ज्या अभ्यासकांनी त्या चोरून वाचल्या त्यांनीच पुढे त्यांना वाङ्मयाच्या इतिहासातून वगळले. चित्रपटाच्या बाबतीतही असेच घडले. रहस्य म्हणजे कथेची क्लृप्ती, ती लेखकाची मालमत्ता आणि दिग्दर्शकाने ती फक्त पडद्यावर आणायची, असा एक समज त्यामागे दिसतो. प्रस्तुत लेखात राजा परांजपे आणि डॉ. जब्बार पटेल या दोन दिग्दर्शकांच्या आधारे हा समज तपासून पाहिला आहे. प्रेक्षकाला काय, केव्हा आणि कोणाच्या आधी कळावे, या निर्णयातच दिग्दर्शकाची शैली घडते, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

उत्कंठा आणि आश्चर्य

आल्फ्रेड हिचकॉक यांनी फ्रान्स्वा त्रुफो यांना १९६२ मध्ये दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीतील टेबलाखालच्या बाँबचे उदाहरण सर्वपरिचित आहे. बाँब अचानक फुटला तर प्रेक्षकाला काही सेकंदांचे आश्चर्य मिळते. तो तेथे आहे हे प्रेक्षकाला आधीच माहीत असेल आणि गप्पा मारणाऱ्या पात्रांना ठाऊक नसेल, तर पंधरा मिनिटांची उत्कंठा मिळते. 'व्हर्टिगो' (१९५८) या चित्रपटात त्यांनी हे तत्त्व धाडसाने वापरले. मूळ फ्रेंच कादंबरीने अखेरपर्यंत जपलेले दोन स्त्रियांतील साम्याचे रहस्य त्यांनी चित्रपट बराच शिल्लक असतानाच प्रेक्षकाला सांगून टाकले.

भारतीय परंपरेतील दंडक काहीसा निराळा आहे. भरतमुनींनी पाच संधींचा विचार करताना शेवटच्या निर्वहण संधीत अद्भुत रस असावा असे सांगितले. म्हणजे विस्मय शेवटासाठी राखून ठेवायचा. आपल्याकडील रहस्यपट अखेरच्या उलगड्यावर एवढा भार का टाकतो, याचे एक कारण या संस्कारात असू शकेल. केवळ पाश्चात्त्य गुप्तहेरकथांच्या अनुकरणाने त्याचा पुरेसा खुलासा होत नाही.

मराठी दिग्दर्शकाने कॅमेऱ्याच्या साहाय्याने भय निर्माण करण्याचा प्रयत्न मात्र फार पूर्वीच केला होता. व्ही. शांताराम यांच्या 'अमृतमंथन' (१९३४) मधील राजगुरूच्या डोळ्याचे अतिनिकट दृश्य हे त्याचे ठळक उदाहरण होय. तेथे प्रेक्षकापासून काही लपवलेले नाही. कारस्थान त्याच्यासमोरच रचले जाते आणि तो डोळा पाहिल्यावर पुढे काय होणार याची धास्ती मनात बसते. त्याच दिग्दर्शकाने 'कुंकू' (१९३७) मध्ये पार्श्वसंगीत टाळून केवळ नैसर्गिक ध्वनींवर भिस्त ठेवली.

राजा परांजपे : पतीच्या बाजूने पाहणे

राजा परांजपे (१९१०-१९७९) यांची ओळख प्रामुख्याने ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांच्या सहकार्यातून साकारलेल्या प्रसन्न चित्रपटांमुळे आहे. 'लाखाची गोष्ट' (१९५२) हा विनोदी चित्रपट. पण ठरावीक मुदतीत एक लाख रुपये खर्च करण्याचे आव्हान हा त्याचा गाभा आहे. मुदत प्रेक्षकाला माहीत, पैसा संपत नाही हेही डोळ्यांसमोर. ही हिचकॉकच्या अर्थाने निखळ उत्कंठाच होय, फक्त तिचा परिणाम हशा आहे. याच दिग्दर्शकाने पुढे रहस्यपट केला याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

'पाठलाग' (१९६४) हा जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवर आधारित आहे. पत्नीचा मृत्यू पतीने स्वतः पाहिला आहे. पुढे दरोडेखोरांच्या टोळीतील एक स्त्री पकडली जाते. ती हुबेहूब पत्नीसारखी दिसते आणि आपण तीच आहोत असे सांगते. डॉ. काशिनाथ घाणेकर आणि दुहेरी भूमिकेत भावना यांनी या भूमिका केल्या. परांजपे प्रेक्षकाला पतीपेक्षा एक कणही अधिक सांगत नाहीत. ती स्त्री संसारातील खाजगी गोष्टी सांगू लागते, तेव्हा पतीचा गोंधळ हाच प्रेक्षकाचा गोंधळ होतो. प्रश्न तिच्या ओळखीचा आहेच. परंतु ज्याने पत्नीला अग्नी दिला त्याने आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा की समोरच्या स्त्रीच्या स्मरणावर, हा त्याहून खोल प्रश्न आहे. जुळ्या बहिणीच्या खुलाशाने तो सुटतो खरा, पण फारच स्वस्तात सुटतो. पत्नीचे पावित्र्य अबाधित राखण्यासाठी दुसरे शरीर आणावे लागले, हे त्या काळच्या मध्यमवर्गीय नीतीचे द्योतक आहे.

याच कथेवर राज खोसला यांनी १९६६ मध्ये 'मेरा साया' हा हिंदी चित्रपट केला. इतिहासाच्या अभ्यासकाला असा योग क्वचित लाभतो : कथा एक, दिग्दर्शक दोन, अंतर अवघे दोन वर्षांचे. खोसला गुरुदत्त यांच्या हाताखाली तयार झालेले. 'सी.आय.डी.' (१९५६) आणि 'वह कौन थी?' (१९६४) या अनुभवांतून ते येथे पोहोचले होते. त्यांनी साधना यांच्या चेहऱ्याभोवती, उदयपूरच्या वास्तूंभोवती आणि मदनमोहन यांच्या संगीताभोवती रहस्य गुंफले. खोसलांच्या चित्रपटात स्त्री हेच गूढ आहे, तर परांजपे यांच्या चित्रपटात पुरुषाची शंका. उलगडा तोच, परंतु प्रेक्षक चित्रपटगृहाबाहेर पडताना बरोबर काय नेतो ते वेगळे. रहस्य ही केवळ कथेची मालमत्ता असती तर हा फरक पडता ना.

डॉ. जब्बार पटेल : उत्तर माहीत असलेला प्रश्न

'सामना' हा सहसा राजकीय चित्रपट म्हणून अभ्यासला जातो. तो रहस्यपटही आहे, किंबहुना आधी रहस्यपट आहे. पंढरपूर येथे जन्मलेले डॉ. पटेल यांनी दौंड येथे वैद्यकीय व्यवसाय केला. दौंडच्या दक्षिणेस बारामती आणि इंदापूर तालुक्यांचा ऊसपट्टा पसरला आहे. कळसच्या आसपास भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वर ही सहकारी साखर कारखान्यांची नावे रोजच्या बोलण्यातली. 'सामना' या वा अन्य कोणत्याही विशिष्ट कारखान्याची कथा नाही, आणि तसा शोध घेणे हे वाचनाचे सुलभीकरण ठरेल. तथापि सहकारातून उभी राहिलेली समृद्धी आणि सत्ता यांचा जो प्रदेश पडद्यावर येतो, तो या भागातील प्रेक्षकाला परका नाही.

विजय तेंडुलकर यांच्या पटकथेत एक व्यसनी मास्तर गावात येतो. सहकारसम्राट हिंदुराव धोंडे पाटील त्याला आश्रय देतो. बेपत्ता झालेल्या मारुती कांबळे या माजी सैनिकाचे नाव मास्तराच्या कानी पडते आणि त्याचे काय झाले हे तो विचारू लागतो. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आणि मोहन आगाशे यांच्या या भूमिका आहेत. उत्तर कोणाकडे आहे याचा अंदाज प्रेक्षकाला लवकर येतो. गावाला तर तो असतोच. मग उत्कंठा उरते कशात? प्रश्न मोठ्याने विचारला जाईल का, आणि विचारणारा आश्रित असताना तो कुठवर टिकेल, यात. आश्चर्याचा जवळजवळ त्याग करून दिग्दर्शकाने संपूर्ण भार प्रतीक्षेवर टाकला आहे.

ही योजना केवळ तेंडुलकरांची म्हणता येणार नाही. १९७२ च्या 'घाशीराम कोतवाल' या त्यांच्याच नाटकाच्या प्रयोगात डॉ. पटेल यांनी ब्राह्मणांच्या रांगेचा मानवी पडदा वापरला होता. माणसांची भिंत घडते, काही झाकते, वळते आणि तेच उघडे करते. समूह हाच लपविणारा आणि दाखविणाराही, ही कल्पना तेथे रंगमंचावर देहरूपाने आली. 'सामना' मध्ये ती गावाच्या मौनाच्या रूपाने पुन्हा भेटते. नाटक आणि चित्रपट या दोहोंचे संगीत भास्कर चंदावरकर यांचे असल्याने हे नाते अधिकच जाणवते. १९७५ मध्ये बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात हा चित्रपट दाखविला गेला, तेव्हा तेथील प्रेक्षकांना ऊसपट्ट्याचे राजकारण ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांच्यापर्यंत बहुधा हे मौनच पोहोचले असावे.

येथे अध्यापकवर्गासाठी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. प्रश्न विचारणारा मास्तर आहे, आणि तो ज्याच्या घरी राहतो, ज्याचे खातो-पितो त्यालाच विचारतो. ग्रामीण भागातील शिक्षण ज्या आश्रयावर उभे राहिले त्या संदर्भात हे पात्र शिक्षकाचे असणे अर्थहीन नाही. वर्गात हा चित्रपट शिकविताना आपण सत्ताधाऱ्याच्या व्यक्तिरेखेवर बराच वेळ बोलतो. मास्तराच्या पदरी आलेल्या मिंधेपणावर सहसा बोलत नाही.

'सिंहासन' (१९७९) मध्ये डॉ. पटेल याच रीतीला वेगळे वळण देतात. अरुण साधू यांच्या दोन कादंबऱ्यांवरील या चित्रपटात मुख्यमंत्र्यांना निनावी दूरध्वनी येतो आणि त्यांच्याच गोटातील कटाची वार्ता कळते. परंतु येथे प्रश्न विचारणारा मास्तर नाही. निळू फुले यांनीच रंगविलेला पत्रकार दिगू टिपणीस सर्वत्र वावरतो, सर्वांचे ऐकतो, प्रेक्षकाइतकेच त्यालाही कळत जाते. त्या ज्ञानाचा त्याला काहीही उपयोग होत नाही, आणि अखेरीस तो भ्रमिष्टासारखा हसत सुटतो.