वेंगुर्ला रस्त्यावरचा पाऊस आणि गाड्यांचा रंग

बेळगावहून वेंगुर्ल्याला जाणारा रस्ता हिंडलग्यातून निघतो. पुढे सुळगा, बाची, शिनोळी अशी गावे लागतात, मग चंदगड तालुका, आंबोलीचा घाट आणि खाली सावंतवाडी. रेल्वे येण्याआधी बेळगावच्या बाजारपेठेचे बंदर वेंगुर्ला होते, त्यामुळे मालाची वाहतूक या वाटेला नवी नाही. पाऊस मात्र वाटेत फार बदलतो. बेळगावात वर्षाला साधारण 1300 मिलिमीटर पडतो, तर आंबोलीत त्याच्या पाचपटीच्या आसपास. थंड देशांत हिवाळा गाडीच्या रंगाची जी दशा करतो, ती इथे जून ते सप्टेंबर हे चार महिने करतात. तिकडे बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेले मीठ पत्रा खाते. इकडे ते काम जांभ्याची तांबडी माती, न वाळणारी ओल आणि चाकांनी उडवलेली बारीक खडी मिळून करतात. वाळलेली माती कोरड्या फडक्याने पुसली की तिच्यातले कण रंगावर ओरखडे काढतात. ओरखडा पत्र्यापर्यंत गेला की गंज रंगाच्या खालून पसरू लागतो, आणि वर फुगा दिसतो तोवर आतला पत्रा बराच पोखरलेला असतो.

या रंगाची गोष्ट मोटारींच्याही आधी सुरू होते. मोटारी आल्या तेव्हा त्यांचा रंग बग्गीचाच होता. जवसाच्या तेलातला रंग आणि वर वार्निश, सगळे ब्रशने. प्रत्येक हात वाळेपर्यंत थांबायचे, घासायचे, पुन्हा हात द्यायचा. एका गाडीला काही आठवडे सहज लागत. फोर्डच्या मॉडेल टी गाड्या 1914 ते 1925 या काळात केवळ काळ्या रंगात निघत, याचे एक कारण भट्टीत वाळवायचा तो काळा रंग स्वस्त आणि टिकाऊ होता हे सांगितले जाते. तेलाचा रंग उन्हापावसात निस्तेज होई, त्याला भेगा पडत. मग डागडुजीला फारसा अर्थ उरत नसे. सगळा रंग खरवडून नव्याने सुरुवात करावी लागे.

1920च्या दशकात ड्यूपाँ कंपनीचा ड्युको आला आणि धंद्याचे रूपच बदलले. नायट्रोसेल्युलोजचा हा रंग फवाऱ्याने मारायचा आणि तो काही तासांत वाळायचा. आणखी एक सोय होती, जिच्याकडे इतिहास सांगणारे सहसा लक्ष देत नाहीत: हा रंग थिनरमध्ये पुन्हा विरघळतो. त्यामुळे जुन्या थरावर नवा थर मुरतो, आणि खराब झालेला तेवढाच भाग दुरुस्त करता येतो. वॉटर पेपरने पाण्यासकट घासायचे, खड्ड्यात पुट्टी भरायची, प्रायमर मारायचा, रंगाचे पातळ हात द्यायचे आणि शेवटी रबिंग कंपाउंडने चकाकी आणायची, हा क्रम या रंगाने पक्का केला. वाहनांच्या रंगाऱ्याचे खरे कसब तेव्हापासून फवाऱ्याची बंदूक धरण्यापेक्षा घासण्यात राहिले आहे.

पण दमट हवा हा या रंगाचा वैरी. थिनर झपाट्याने उडतो, त्याने पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर जमते आणि ओला रंग पांढुरका होतो. सावकाश उडणारा थिनर मिसळून हे थोडे आवरता येते, पूर्ण टळत नाही. म्हणून बंद, तापवलेल्या बूथ नव्हत्या तेव्हा घाटमाथ्याच्या या पट्ट्यात चांगले रंगकाम उघडिपीवर अवलंबून होते. पावसाळ्यात पत्र्याची ठोकाठोकी उरकून घ्यायची आणि रंग हवा कोरडी झाल्यावर मारायचा, हाच शहाणपणाचा मार्ग. नेमक्या त्याच सुमारास खंडेनवमी आणि दसरा येतात. वाहनाची पूजा व्हायची, तर ते स्वच्छ आणि चकचकीत हवे. हवामानाने जी वेळ सुचवली, तीच सणाने ठरवून टाकली.

पुढे सिंथेटिक इनॅमल स्वस्त पडला आणि ट्रक-टेम्पोंनी तो उचलला. मोटारींचा प्रवास वेगळा झाला. 1983च्या डिसेंबरात मारुती 800 आली, नंतर कारखान्यांत रंगाच्या टाकीत विजेच्या साहाय्याने प्रायमर चढवण्याची पद्धत रुळली आणि गंजाला सुरुवातीलाच आळा बसू लागला. मेटॅलिक रंगांबरोबर दोन थरांची रीत आली: खाली रंग, वर पारदर्शक क्लिअर कोट. हार्डनर घालून मारलेला हा थर वाळला की थिनरला दाद देत नाही. जुन्या ड्युकोसारखा तो पुन्हा विरघळत नाही, म्हणून तुकड्याची दुरुस्ती अवघड झाली. सांधा दिसतो, आणि पुष्कळदा अख्खा दरवाजा किंवा बॉनेट रंगवावे लागते.

क्लिअर कोटची जाडी साधारण 35 ते 50 मायक्रॉन, माणसाच्या केसाहूनही कमी. पावसाळ्यानंतर मशीनने पॉलिश मारायचे म्हणजे यातलाच काही भाग झिजवायचा. वरवरचे ओरखडे त्याने जातात. नख अडकेल इतका खोल ओरखडा जात नाही, आणि हट्टाने घासत राहिले तर खालचा रंग उघडा पडतो. म्हणूनच आधी भरपूर पाण्याने माती सोडवणे, मग क्ले फिरवून रुतलेले कण काढणे, त्यानंतर पॉलिश आणि शेवटी वॅक्स, हा क्रम पाळावा लागतो.

सगळे नुकसान हवामानाचेच असते असे नाही. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न तापला की दोन्ही राज्यांच्या बसगाड्यांना काळे फासले जाते; 2022 मध्येही तसे घडले. तो रंग ताजा असताना काढणे सोपे, वाळल्यावर मात्र खालचा रंगही सोबत निघतो.

मालवाहू गाड्या याच भागात वेगळ्या हिशेबाने रंगतात. आरटीओच्या पासिंगला जाण्यापूर्वी ट्रकला नवा हात देणे हा जुना रिवाज आहे, मग पाटी बेळगावची केए-22 असो की कोल्हापूरची एमएच-09. उसाच्या ट्रॉल्यांना तर पॉलिशशी काही देणेघेणे नाही. गाळप सुरू होण्याआधी तारेच्या ब्रशने गंज खरवडायचा, रेड ऑक्साइड लावायचा आणि वर ब्रशनेच इनॅमल ओढायचा, इतकेच त्यांचे काम.