डोंगरी गाण्यांचे जन्मगाव

वस्तुसंग्रहालय म्हटले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे राजेरजवाड्यांची हत्यारे, भंगलेल्या मूर्ती आणि जुनी नाणी उभी राहतात. ह्या वस्तू मुक्या खऱ्या, पण टिकाऊ. त्या नीट मांडून ठेवल्या की संग्रहालयाचे निम्मे काम होते. गाण्याचे तसे नाही. गळ्यातून निघाले की ते हवेत विरते, आणि गाणारा गेला की बहुधा त्याच्याबरोबर तेही जाते. मग डोंगरात राहणाऱ्या गरीब माणसांच्या गाण्यांचे संग्रहालय करावयाचे तरी कसे? अमेरिकेतील ब्रिस्टल गावी २०१४ च्या ऑगस्टात उघडलेले, ‘कंट्री म्युझिक’ ह्या नावाने जगभर पसरलेल्या ग्रामीण संगीताच्या जन्मस्थानाचे संग्रहालय आम्ही पाहिले, ते हाच प्रश्न मनात धरून.

ब्रिस्टल हे गाव मोठे चमत्कारिक आहे. त्याच्या मुख्य रस्त्याच्या मधोमध दोन राज्यांची सीमा जाते. रस्त्यात बसविलेल्या पितळी खुणांच्या एका बाजूस व्हर्जिनिया, दुसऱ्या बाजूस टेनेसी. सभोवार ॲपलेशियन पर्वताच्या रांगा पसरलेल्या आहेत, आणि ह्या डोंगरांतील खेड्यापाड्यांना जोडणारे हे रेल्वेचे एक महत्त्वाचे ठाणे होते. १९९८ साली अमेरिकेच्या काँग्रेसने ठराव करून ह्या गावाला कंट्री संगीताचे जन्मस्थान म्हणून मान्यता दिली. संगीताचा जन्म सरकारी ठरावाने निश्चित व्हावा ह्याचे वाचकांस हसू येईल. परंतु त्या ठरावामागे जी हकीकत आहे ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

१९२७ च्या जुलैत राल्फ पीअर नावाचा गृहस्थ न्यूयॉर्कहून येथे आला. व्हिक्टर टॉकिंग मशीन कंपनीसाठी नवे गायक शोधणे हे त्याचे काम होते. ही कंपनी आपल्याला अगदीच अनोळखी नाही. कर्ण्यासमोर कान देऊन बसलेल्या कुत्र्याचे जे चित्र आपल्याकडील नाट्यपदांच्या तबकड्यांवर घरोघर पोहोचले, तेच चित्र अमेरिकेत व्हिक्टर कंपनीची निशाणी होते. पीअरने टोप्या विकणाऱ्या एका पेढीची रिकामी माडी भाड्याने घेतली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर रजया टांगल्या, आणि सोबतच्या दोघा तंत्रज्ञांकडून यंत्र बसवून घेतले. दोनच वर्षांपूर्वी विजेचा मायक्रोफोन वापरात आला होता. त्यापूर्वी कर्ण्यात तोंड घालून जोराने गावे लागे. आता घरच्या ओसरीवरचा हळू आवाजही मेणाच्या तबकडीवर उतरू लागला. दहा इंची तबकडीची मर्यादा मात्र तीन-सव्वातीन मिनिटांचीच. त्यामुळे ज्या पोवाडेवजा गाण्यांची कडवी रात्रभर चालत, त्यांना कात्री लागली. आपल्याकडील ख्यालालाही त्याच मापात बसावे लागले होते, हे जाणकारांस आठवेल.

पहिल्या दिवशी, म्हणजे २५ जुलैला, अर्नेस्ट स्टोनमन ह्या आधीच नाव मिळविलेल्या गायकाचे ध्वनिमुद्रण झाले. ते पाहून स्थानिक वृत्तपत्राने बातमी छापली, की ह्या सुताराला आदल्या वर्षी तबकड्यांच्या विक्रीतून ३,६०० डॉलरांवर प्राप्ती झाली. ज्या मुलखात रोकड रकमेचे दर्शन दुर्मीळ, तेथे ह्या एका आकड्याने काय खळबळ उडाली असेल ह्याची कल्पना करता येते. डोंगराडोंगरांतून माणसे फिडल, बँजो आणि गिटार घेऊन लोटली. ५ ऑगस्टपर्यंतच्या बारा दिवसांत १९ गायकांची व समूहांची ७६ गाणी मेणावर उतरली.

त्यांतच ‘पुअर व्हॅली’, म्हणजे शब्दशः गरीब खोरे, ह्या भागातून आलेले कार्टर कुटुंब होते. ए. पी. कार्टर हा फळझाडांची रोपे विकत हिंडणारा माणूस; त्याची पत्नी सारा, आणि साराची चुलत बहीण व ए. पी.ची भावजय मेबेल. मेबेलचे वय अवघे अठरा, आणि तिचे दिवस भरत आलेले. साराचे तान्हे मूल बरोबर होते, आणि त्याला सांभाळण्यासाठी आठ वर्षांची मोठी मुलगीही. अशा स्थितीत मागून घेतलेल्या मोटारीतून ही माणसे आली आणि १ ऑगस्टच्या संध्याकाळी गायली. दुसऱ्या दिवशी साराने जे एक गाणे गायिले, ते तिला मुळीच आवडत नव्हते. पीअरच्या आग्रहाखातर तिने ते म्हटले. अविवाहितेचे मोकळे जिणे आणि लग्न झालेलीच्या कडेवरचे ओझे ह्यांचा विरोध त्यात आहे. सहा महिन्यांचे मूल घेऊन आलेल्या त्या स्त्रीच्या आवाजात ते ऐकताना, तिला ते का नकोसे वाटले असावे आणि लोकांना ते का भिडले, ही दोन्ही उत्तरे एकदमच मिळतात.

तीन दिवसांनी, ४ ऑगस्टला, मिसिसिपीतील मेरिडियन गावचा जिमी रॉजर्स आला. तो पूर्वी रेल्वेत ब्रेकमन होता. क्षयाने ती नोकरी सुटली होती. बरोबरच्या वादकांशी ऐन वेळी बिनसल्याने तो एकटाच गायला, आणि दोनच गाणी गायला. पुढील सहा वर्षांत त्याचे नाव देशभर झाले. १९३३ च्या मे महिन्यात न्यूयॉर्क येथे, शेवटचे ध्वनिमुद्रण आटोपून दोनच दिवसांनी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी तो वारला.

ही हकीकत ऐकून ब्रिस्टलला जन्मस्थान म्हणण्याचा मोह कोणासही होईल. परंतु विचार करू गेले असता जन्माची ही कल्पना टिकत नाही. ह्या गाण्यांतील कित्येक कथा स्कॉटलंड, इंग्लंड आणि आयर्लंड येथून निघालेल्या वसाहतकऱ्यांनी आणल्या. काही चर्चमधील भजने होती, तर काही शहरांतील दिवाणखान्यांत एके काळी गाजून मागाहून विसरली गेलेली पदे. जो बँजो आज गोऱ्या डोंगरी माणसाची खूण मानला जातो, त्याचे मूळ आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांच्या वाद्यांत आहे. ‘शुद्ध डोंगरी’ असे तेथे काहीच नव्हते. जे होते ते शेजारधर्माने, आणि कधी शेजारधर्म नाकारूनही, झालेल्या देवघेवीतून आलेले होते. ब्रिस्टलमध्ये संगीत जन्मले नाही. जन्मला तो त्याचा व्यापार आणि त्याची नोंद.

ह्या व्यापाराची घडी मोठी विचार करण्याजोगी आहे. पीअरने कंपनीकडून पगार घेतला नव्हता. त्याऐवजी गाण्यांच्या प्रकाशनाचे हक्क त्याने आपल्याकडे ठेवले. गायकाला दर गाण्यामागे ५० डॉलर रोख आणि विकलेल्या तबकडीमागे काही अंश मिळे. हक्क सांगावयाचा तर गाणे नवे हवे, किंवा जुने असले तरी कोणाच्या मालकीचे नसलेले आणि थोडे बदलून घेतलेले हवे. तेव्हा जुन्या गाण्यांचा शोध हा उद्योगच झाला. ए. पी. कार्टर दारोदार हिंडून म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून गाणी मिळवू लागला, आणि ती त्याच्या नावावर चढू लागली. ज्या पदाला पिढ्यान्‌पिढ्या धनी नव्हता, त्याला एकाएकी धनी मिळाला.

ह्या भ्रमंतीत १९२८ च्या सुमारापासून त्याच्याबरोबर लेस्ली रिडल नावाचा कृष्णवर्णीय गिटारवादक असे. सिमेंटच्या कारखान्यातील अपघातात त्याचा एक पाय गेला होता. कार्टर शब्द उतरून घेई आणि रिडल चाल ध्यानात ठेवी. मेबेलच्या वादनावरही त्याचा संस्कार झाला. तबकड्यांवर त्याचे नाव कोठेही आले नाही. १९६५ च्या सुमारास माइक सीगर ह्या संग्राहकाने त्याला शोधून काढले, तोवर तो विस्मृतीत गेलेला होता. ब्रिस्टलच्या १९२७ च्या नामावळीतही एल वॉटसन हा माउथ-ऑर्गन वाजविणारा एकच कृष्णवर्णीय कलावंत प्रमुख म्हणून दिसतो. त्या काळी कंपन्या काळ्यांच्या तबकड्या आणि गोऱ्यांच्या तबकड्या निरनिराळ्या सूचींत घालीत. गाणे एकत्र वाढलेले. विकताना मात्र त्याची वाटणी झाली, आणि पुढे ही विक्रेत्यांची वाटणीच लोक इतिहास म्हणून सांगू लागले.

तर मग पीअरने ह्या माणसांना लुबाडले असे म्हणावे काय? आमच्या मते निकाल इतका सोपा नाही. त्याचे यंत्र आले नसते तर साराचा आवाज गरीब खोऱ्याबाहेर गेला नसता, आणि रिडलने जपलेल्या चाली त्याच्याबरोबरच संपल्या असत्या. लोभ त्यात होता. पण त्याच लोभाने ती गाणी वाचविली हेही खरे. रक्षणाचे श्रेय आणि विस्मरणाचा दोष दोन्ही एकाच माणसाच्या पदरी घालावे लागतात, आणि इतिहासलेखकाने त्यांतील एकही हळूच खाली टाकून देता कामा नये.

ब्रिस्टलची ती टोपीवाल्यांची माडी आज उभी नाही. संग्रहालय तिच्यापासून थोड्या अंतरावर, सीमेच्या व्हर्जिनियाकडील बाजूस, दुसऱ्याच इमारतीत आहे. त्याच इमारतीतून एक रेडिओ-केंद्रही चालते, आणि काचेपलीकडे बसलेला निवेदक जुनी-नवी गाणी लावताना दिसतो. आरंभीच्या आमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर येथे मिळते: गाण्याचे संग्रहालय करावयाचे तर ते गात ठेवावे. उरलेले उत्तर पाहणाऱ्याच्या हाती आहे. तबकडीवर छापलेले नाव वाचून झाल्यावर, हे गाणे त्या नावापर्यंत कोणाकोणाच्या तोंडून आले, एवढे ज्याने विचारले, त्याने ते संग्रहालय खरोखर पाहिले असे आम्ही समजू.